हेडसाहेबांचं नुसतं चालणं

बसून विचार करता येतो, ही गोष्ट आमच्या हेडसाहेबांनी उभ्या आयुष्यात कधी मान्य केली नाही. बसून जेवता येतं, गप्पा मारता येतात, फार तर दाढी करता येते. पण विचार करायचा तर माणसानं उठलं पाहिजे आणि दाराबाहेर पडलं पाहिजे, असं त्यांचं ठाम मत होतं. "बूड टेकलं की डोकंही टेकलंच," असं ते म्हणत. खुर्चीला ते अडकित्त्याइतकंच भीत, कारण त्यांच्या मते दोन्हींत सापडलेली वस्तू अखंड बाहेर पडत नाही. लग्नाच्या बाबतीत तर त्यांच्या बायको, म्हणजे आमच्या वहिनी, शपथेवर सांगत की सप्तपदीत सात पावलं झाल्यावर हे तसेच पुढे निघाले होते आणि भटजींना उपरण्याची गाठ धरून यांना मागे ओढावं लागलं. वहिनींच्या सांगण्यातलं किती खरं मानायचं हा प्रश्नच आहे. पण हेडसाहेबांनी ते कधी खोडून काढलं नाही. "मुहूर्ताची गडबड होती, लक्षात राहिलं नाही," एवढंच ते म्हणत.

ही गोष्ट पन्नास सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. पिंपरी आणि चिंचवडच्या मधल्या माळावर तेव्हा एकेक कारखाना उभा राहू लागला होता. एका बाजूला नवी कोरी पत्र्याची शेड, तर कुंपणाच्या पलीकडे ज्वारी, हरभरा, भुईमूग आणि मोटेचा आवाज. आमची कंपनी पाण्याचे पंप बनवायची. तिच्या ड्रॉइंग ऑफिसात मी ट्रेसर म्हणून लागलो. नगर जिल्ह्यातून मॅट्रिक होऊन आलेला, चिंचवड गावात खोली घेऊन राहणारा आणि स्वतःला भलताच विनोदी समजणारा असा मी मुलगा होतो. हेडसाहेब म्हणजे आमचे हेड ड्राफ्ट्समन. ते पेन्सिलीनं नकाशा काढत आणि आम्ही चौघे ट्रेसर तो खळीच्या पातळ कापडावर शाईनं उतरवत असू. त्या कापडावर घामाचा एक थेंब पडला तरी तिथे पांढरा डाग पडे आणि दिवसाचं काम फुकट जाई. उन्हाळ्यात पत्र्याखाली बसून हे करायचं म्हणजे श्वाससुद्धा जपून घ्यावा लागे.

असं तासभर चाललं की हेडसाहेब उठायचे. काही न बोलता टोपी घालायचे, पेन्सिल कानावर ठेवायचे आणि निघायचे. आमच्यापैकी कोणाची रेघ हलली असेल तर त्यालाही उठवायचे. "तुमचे डोळे कापडाला चिकटलेत. जा, जरा डोंगर बघून या," असं म्हणायचे. डोंगर म्हणजे घोरवडेश्वराचा. जवळचं पाहून शिणलेल्या डोळ्यांना लांबचं पाहणं हेच औषध, पायांना चालणं हेच औषध आणि डोक्याला या दोन्ही गोष्टी, असा त्यांचा वैद्यकीचा सारा ग्रंथ होता. आम्ही डोंगर बघायला जात असू ते गेटजवळच्या चहाच्या टपरीपर्यंत. तिथूनही डोंगर दिसतच होता.

गेटवर पलटणीतून रिटायर झालेला एक हवालदार होता. कामाच्या वेळी बाहेर पडणाऱ्याला कारण विचारल्याशिवाय तो सोडत नसे.

"कुठे?" तो विचारायचा.

"कुठे नाही," हेडसाहेब सांगायचे.

"कारण?"

"पाय."

पहिले काही दिवस हवालदारानं हे मनाला लावून घेतलं. कंपनीच्या साहेबांकडे तक्रारही केली. साहेब मुंबईचे. त्यांनी हेडसाहेबांना बोलावलं, तेव्हा यांनी आपले नकाशे त्यांच्यापुढे ठेवले आणि म्हटलं, "यात एक चूक दाखवा, मी उद्यापासून खुर्चीला दोरीनं बांधून घेतो." साहेबांना चूक सापडली नाही. तेव्हापासून हवालदार लांबूनच सलाम ठोकू लागला आणि हेडसाहेबांचं चालणं हा कंपनीतला एक कायदा होऊन गेला.

त्यांच्या चालण्याचे नियम होते. चालताना बोलायचं नाही. बरोबर कोणी असलं तर त्यानंही बोलायचं नाही. मी एकदा उत्साहानं त्यांच्याबरोबर गेलो आणि वाटेत पगारवाढीचा विषय काढला, तर त्यांनी थांबून मला तिथूनच परत पाठवलं. रस्त्यानं ते कधी जात नसत. गेटबाहेर पडले की डाव्या हाताला वळून शेतांच्या बांधावरून ओढ्यापर्यंत जायचे आणि ओढ्याला वळसा घालून दुसऱ्या बांधानं परत यायचे. मधेच थांबायचे, एक डोळा मिटून लांबवर बघायचे, पुन्हा निघायचे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे उठताना हातातली लाकडी पट्टी खाली ठेवायचं त्यांना कधी सुचायचं नाही. पट्टी हातात तशीच असायची. पाठीमागे हात बांधले की ती शेपटीसारखी बाहेर यायची आणि डोंगराकडे बघताना ती नकळत डोळ्यासमोर धरली जायची. परत आले की अडलेला नकाशा ते एका झटक्यात पुरा करायचे. बांधावरून येतानाच त्यांच्या ओठांवर उत्तर दिसायचं. हे मी स्वतः कितीतरी वेळा पाहिलं आहे, आणि म्हणूनच पुढचं सांगणं मला जड जातं.

ओढ्याकाठच्या शेताचे मालक होते नाना. साठीचे, काटक, थोडं बोलणारे. त्यांनी त्या साली विहीर खणायला घेतली होती. भाऊबंदांना बरोबर घेऊन, स्वतः खाली उतरून ते खणत होते. ओढा उन्हाळ्यात आटायचा, म्हणून ही विहीर. संध्याकाळी ते कधीमधी टपरीवर यायचे. एकदा आम्ही ट्रेसर मंडळी चहा पीत बसलो असताना त्यांनी मला विचारलं, "राव, तुमचं ते सायेब रोज आमच्या बांधानं हिंडत्यात. कशापायी?"

त्या वेळी आसपासच्या जमिनी कारखान्यांसाठी जात होत्या. कोणाची गेली, कोणाची जाणार, याशिवाय गावात दुसरा विषय नव्हता. हे मला ठाऊक होतं. तरी मित्रांसमोर हशा पिकवायची संधी सोडणं तेव्हा माझ्या स्वभावात नव्हतं. मी चेहरा गंभीर केला आणि म्हटलं, "नाना, तुम्हाला अजून कळलं नाही? ते मोजणी करतात, पावलांनी. हातात पट्टी पाहिलीत ना? ज्या बांधावर ते थांबून डोळा मिटतात, ती जमीन कंपनीच्या नकाशात गेली म्हणून समजा."

मित्रांनी चहाच्या कपात तोंडं घातली. नाना हसले नाहीत. त्यांनी चहा संपवला, कप धुऊन ठेवला आणि निघून गेले. मला वाटलं, उद्या गावात कोणीतरी शहाणा त्यांना सांगेल आणि नाना येऊन मला चार शिव्या देतील. ते कधीच घडलं नाही. गावाच्या दृष्टीनं माझ्या बोलण्यात न पटण्यासारखं काहीच नव्हतं. पगार घेणारा माणूस कामाच्या वेळी कारण नसताना उन्हातून चालतो, हेच उलट कोणाला पटलं नसतं.

पुढच्या काही दिवसांत जे सुरू झालं त्याला तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. हेडसाहेब बांधावर दिसले की कोणीतरी धावत यायचं आणि हातात भुईमुगाच्या शेंगा द्यायचं. कोणी हुरडा द्यायचं, कोणी ताकाचा तांब्या पुढे करायचं. एक म्हातारा त्यांना हाताला धरून शेजारच्या बांधावर घेऊन गेला आणि म्हणाला, "सायेब, हितं हुबं ऱ्हावा. माझ्या चुलतभावाची हाय, लई ब्येस जिमीन हाय." दुसऱ्या दिवशी त्या चुलतभावानं आपल्या बांधावर बाभळीचे काटे टाकून ठेवले. हेडसाहेबांनी काट्यांना वळसा घातला आणि ऑफिसात येऊन शेंगा आम्हाला वाटत म्हणाले, "इतकं प्रेमळ गाव मी पाहिलं नाही. आपण यांचं कोण लागतो? तरी रोज काही ना काही देतात." त्या शेंगा आम्ही खाल्ल्या. मी सर्वांत जास्त खाल्ल्या. टरफलं टेबलाखाली लोटताना मी शेजारच्याला कोपर मारली होती, तेही मला आठवतं.

मग एक दिवस हेडसाहेब परत आले ते विचारात पडूनच. उत्तर घेऊन येणारा माणूस त्या दिवशी प्रश्न घेऊन आला. "त्या ओढ्याकाठच्या नानांनी विहीर खणायची थांबवली," ते म्हणाले. "दगड लागला असेल म्हणून मी वाकून पाहिलं, तर खाली चांगली ओल दिसते. कुदळी तशाच पडल्यात. पाणी हाताशी आलेलं असताना माणूस हात का आवरतो?" त्यांनी हे आम्हा सगळ्यांना विचारलं. त्या दिवशी मी हसलो नाही. पण नानांकडे जाऊन खरं सांगावं एवढं धैर्यही मला झालं नाही. आज जाऊ, उद्या जाऊ असं करत राहिलो.

माझ्याआधी हेडसाहेबच गेले. विहिरीचा प्रश्न त्यांना चैन पडू देत नव्हता. चारसहा दिवसांनी मुंबईचे साहेब ऑफिसात आले आणि त्यांना बोलवायला मला पाठवलं. मी बांधावर पोचलो तेव्हा विहिरीच्या काठावर दहाबारा माणसं जमली होती. मधे हेडसाहेब आणि समोर नाना.

"खणत का नाही, नाना? पाणी लागलंय," हेडसाहेब म्हणत होते.

"कुणासाठी खणू? तुमच्यासाठी?"

"माझ्यासाठी कशाला? मला काय करायचंय विहिरीशी?"

"मंग रोज कशाला मोजताय?"

"मी काही मोजत नाही. मी नुसता चालतो."

"नुसतं?" नाना म्हणाले. "कामाच्या येळंला? पगार घिऊन?"

"हो. डोकं जड होतं, म्हणून चालतो."

मागून कोणीतरी म्हणालं, "नुसतं तर आमचं गाढवबी चालत न्हाई." सगळे हसले. हेडसाहेबही हसले, त्यांना तो विनोद आवडला असावा. मग नानांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "ती पट्टी द्या हिकडं." हेडसाहेबांना वाटलं त्यांना ती पाहायची आहे. त्यांनी ती सरळ केली आणि दोन्ही हातांनी पुढे धरली. नानांनी ती घेतली, गुडघ्यावर मोडली आणि तुकडे विहिरीत टाकले.

तेव्हा कोणी हसलं नाही. हेडसाहेब विहिरीकडे बघत राहिले. मग त्यांची नजर माझ्यावर पडली आणि त्यांचा चेहरा उजळला. "हे आमच्याच ऑफिसातले," ते नानांना म्हणाले. "यांना विचारा. सांगा हो यांना, मी कशासाठी चालतो ते."

नाना माझ्याकडे बघत होते. त्यांनी मला ओळखलं होतं. मी खरं बोललो असतो तर त्यांनी तिथेच विचारलं असतं की मग तेव्हा तसं का सांगितलंस. आणि हेडसाहेबांना सगळं कळलं असतं. आजूबाजूच्या माणसांच्या हातांत कुदळी होत्या, पण मी त्यांना भ्यालो नव्हतो. मी भ्यालो होतो तो हेडसाहेबांच्या चेहऱ्यावरून तो उजेड जाताना बघायला. मी म्हणालो, "साहेबांनी बोलावलंय. चला लवकर." एवढंच. नानांना हवा होता तो पुरावा माझ्या त्या गप्प राहण्यात मिळाला. परतताना हेडसाहेब नेहमीप्रमाणे काही बोलले नाहीत आणि मीही बोललो नाही. नियमच तसा होता, आणि त्या दिवशी मी त्या नियमाच्या आड लपलो.

प्रकरण साहेबांच्या कानावर गेलं. गावाशी तंटा नको म्हणून संध्याकाळी सुट्टी होईपर्यंत ड्रॉइंग ऑफिसातल्या कोणीही गेटबाहेर पडायचं नाही, असा हुकूम निघाला. हेडसाहेबांनी वाद घातला नाही. ते आत चालू लागले. आमच्या टेबलांच्या मधून, भिंतीपर्यंत, परत. आम्ही स्टुलं आत ओढून त्यांना वाट करून देत असू. पण भिंत डोंगराचं काम करत नाही. हळूहळू त्यांचं डोकं दुखू लागलं, कपाळाला सुंठ लावून ते कामावर येऊ लागले. कोणाला रागावणं त्यांना ठाऊक नव्हतं, तेही आता येऊ लागलं. आणि एक दिवस त्यांच्या नकाशात चूक निघाली. एका भोकाची जागा चुकली आणि तशी बरीच ओतीव कामं होऊन गेल्यावर ती लक्षात आली. ते स्वतः साहेबांकडे गेले आणि म्हणाले, "चूक माझी आहे." दोरीची आठवण त्यांना कोणी करून दिली नाही. पण खुर्चीला बांधल्यासारखेच ते दिसत होते. पावसाळ्याआधी त्यांनी नोकरी सोडली आणि कोल्हापूरकडच्या एका कारखान्यात गेले. निघताना वहिनींनी आम्हाला घरी जेवायला बोलावलं होतं. हेडसाहेबांनी मला स्वतःच्या हातानं वाढलं आणि म्हणाले, "तुमची रेघ चांगली आहे. फक्त मधे मधे उठत जा." त्यानंतर आमची भेट झाली नाही. ते गेल्याचं बऱ्याच वर्षांनी कोणाकडून तरी कळलं.

नानांची जमीन त्या साली गेली नाही, पुढच्या सालीही नाही. कितीतरी वर्षं ती त्यांच्याकडेच होती आणि अर्धवट विहीर तशीच, पावसाचं पाणी साठवत. नाना दर उन्हाळ्यात आटलेल्या ओढ्यात झरा उकरून कावडीनं पाणी आणताना दिसायचे. मी तेव्हा कंपनीत बढती घेऊन सायकलवरून जायचो आणि दुसरीकडे बघायचो. पुढे सरकारी हुकमानं सगळ्या गावाच्याच जमिनी गेल्या, त्यात नानांचीही गेली. तेव्हा गाव म्हणालं, बघा, मोजणीवाल्यानं मोजून नेली ती ही अशी.

हे सगळं माझ्याबरोबरच संपलं असतं. पण मागच्या वर्षी त्या भागात एका ओळखीच्याकडे गेलो असताना जिन्यात एक तरुण बाई रडणाऱ्या पोराला दटावत होती, "गप बस, न्हाईतर मोजणीवाला यील पट्टी घिऊन." मी तिला विचारलं, मोजणीवाला कोण? ती हसून म्हणाली, "काय म्हाईत आजोबा. आमच्या घरात पहिल्यापासनं म्हणत्यात." चौकशी केली तेव्हा कळलं, ती नानांची नातसून. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात मुंगीलाही वळसा घातला, त्याचा मी बागुलबुवा करून ठेवला होता आणि आता चौथी पिढी त्याला भीत होती.

मी तिच्याबरोबर वर गेलो. नानांचा मुलगा, तोही आता साठी ओलांडलेला, सोफ्यावर बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं. टपरी, चहा, माझा विनोद, विहिरीचा काठ, माझं गप्प राहणं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "म्हंजे आमच्या बानं हीर सोडली ती तुमच्या एका बोलण्यापायी."

"हो," मी म्हणालो.

"बा असता तर तुमाला उंबऱ्याच्या आत घ्येतलं नसतं."

"माहीत आहे."

"मरस्तवर त्या सायबाला शिव्या घालायचा. जेवायला बसला का घालायचा."

"त्या माझ्या होत्या," मी म्हणालो.

त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत होती. मग त्यानं विचारलं, "मंग ते खरंच नुसतं चालायचं?"

"नुसतं. डोळ्यांना आणि डोक्याला बरं वाटावं म्हणून."

"आन् आमी त्येंची पट्टी मोडली." एवढं बोलून त्यानं सुनेला हाक मारली. ती पोराला कडेवर घेऊन आली. "हितं बस," तो तिला म्हणाला, "आन् हे काय सांगत्यात ते ऐक. आजपासनं ह्या घरात पोराला त्या मान्साचं भ्या घालायचं न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "नाव काय व्हतं त्येंचं? हिला सांगा."

मी नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, पूर्ण. सुनेनं ते हळूच एकदा म्हणून पाहिलं. ते नाव मी इथे लिहिलेलं नाही. ज्या घरात ते मी बिघडवलं होतं, तिथे ते सांगायला हवं होतं. ते सांगून झालं आहे.